गोल्याचं काय करायचं?

प्रश्न ठाण्याच्या एका ७१ वर्षांच्या काकांचा आहे. त्यांचे वडील डॉक्टर होते आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तीन वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला होते. परत येताना त्यांनी मुलासाठी एक गॉलीवॉग आणला. काळ्या तोंडाचा, निळ्या कोटातला कापडी बाहुला. घरात त्याचं नाव पडलं गोल्या. काकांनी तो साठ वर्षं जपला आणि या उन्हाळ्यात मुलाकडे बर्मिंगहॅमला येताना पाच वर्षांच्या नातीसाठी बरोबर आणला. सूनबाईंनी पाहताक्षणी तो परत बॅगेत ठेवायला सांगितला. नातीची शाळेतली जिवलग मैत्रीण नायजेरियन घरातली आहे, दर शनिवारी ती खेळायला येते. काकांना हे फार लागलं. ते विचारतात, "आम्ही कधी कुणाचा द्वेष केला नाही. काळ्या रंगाचं आम्हाला वावडं नाही, आमचा विठोबा काळाच आहे. मग माझं खेळणं आता एकाएकी वाईट कसं झालं? टाकून द्यायचं का ते?"

काका, मी इंग्लंडमधल्या एका नगर-संग्रहालयात गेली २६ वर्षं जुनी खेळणी आणि कापडी वस्तू जपण्याचं, दुरुस्त करण्याचं काम करते. चाळीसेक गॉली तरी (गॉलीवॉगला इथे थोडक्यात गॉली म्हणतात) माझ्या टेबलावरून गेले असतील. म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. गोल्याला टाकू नका. नातीला खेळायलाही देऊ नका. सूनबाईंचं बरोबर आहे, आणि तुमचं त्याच्यावरचं प्रेमही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. कसं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तोंड काळ्या फेल्टचं, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचं. डोळ्यांच्या जागी पांढऱ्या फेल्टच्या दोन मोठ्या चकत्या, त्यांवर काळी बटणं. ओठ लाल फेल्टचे, जाड, गालापर्यंत ताणलेले. डोक्यावर काळी फर, चारी बाजूंना उभी राहिलेली. निळा कोट, लाल विजार, गळ्यात बो. उजव्या कोपरावर मात्र खणाचा एक छोटा तुकडा लावलाय, हिरवा, लाल बुट्ट्यांचा, इतक्या बारीक टाक्यांनी की मी दोनदा पाहिलं. तुमच्या आईंनी तो लावला असणार. त्या तुकड्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आधी तोंडाबद्दल. हा चेहरा आफ्रिकेतल्या माणसाचा नाहीच. तो एका गोऱ्या नटाच्या रंगभूषेचा आहे. अमेरिकेत १८३०च्या दशकात थॉमस डार्टमथ राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून ‘जिम क्रो’ नावाचं सोंग घेऊन नाचू लागला आणि तुफान गाजला. त्याच्या मागोमाग अशा सोंगांच्या मंडळ्याच निघाल्या. त्यांना मिन्स्ट्रेल म्हणत. बूच जाळून त्याची काजळी तोंडाला चोपडायची, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती जागा सोडून किंवा रंगवून ते मोठे दाखवायचे, डोक्यावर लोकरीचा टोप घालायचा आणि भडक, न शोभणारे साहेबी कपडे चढवायचे. मग रंगमंचावर आळशी, भित्रा, चोरटा, पण सदा हसरा गुलाम उभा करायचा. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत लाखो माणसं खरोखरीची गुलाम होती. त्यांची मुलंबाळं बाजारात विकली जात होती, आणि ती किती मजेत आहेत हे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना दाखवलं जात होतं. पुढे काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना लोक ‘जिम क्रो’ हेच नाव देऊ लागले.

आता गोल्याचा फोटो पुन्हा समोर धरा. डोळ्यांची पांढरी चकती, ताणलेले लाल ओठ, उभे केस, निळा कोट, बो. एकेक गोष्ट त्या सोंगातून आली आहे.

बाहुल्यात ती उतरली फ्लोरेन्स केट अप्टन या चित्रकर्तीमुळे. १८७३मध्ये न्यूयॉर्कजवळ फ्लशिंगला तिचा जन्म झाला, आईवडील इंग्रज. वडील गेल्यावर कुटुंब इंग्लंडला परतलं. पैशाची ओढाताण होती, म्हणून तिने लहान मुलांसाठी चित्रं काढली, आईने त्यांवर पद्यं लिहिली, आणि १८९५च्या नाताळात दोन डच लाकडी बाहुल्यांच्या साहसांचं पुस्तक लंडनला निघालं. त्यात एक काळा बाहुला अचानक समोर येतो आणि दोघी बाहुल्या घाबरतात. पुढे तो मायाळू निघतो, त्यांचा सोबती होतो. हा बाहुला तिने मनाने रचला नव्हता. अमेरिकेत लहानपणी तिच्याकडे मिन्स्ट्रेलचा कापडी बाहुला होता. बागेत कुंडीवर बसवून त्याच्यावर रबरी चेंडू मारण्याचा खेळ मुलं खेळत, हे तिनेच पुढे सांगून ठेवलंय. ‘गॉलीवॉग’ हे नाव तिचं. १९०९पर्यंत मालिकेची १३ पुस्तकं आली. नावाचे आणि चित्राचे हक्क तिने राखले नव्हते, त्यामुळे हवा तो कारखानदार हवा तसा गॉली करायला मोकळा झाला. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीनेही १९०८मध्ये तो बाजारात आणला. अप्टन दुष्ट बाई नव्हती. पहिल्या महायुद्धात तिने आपल्या मूळ बाहुल्या आणि चित्रं रेड क्रॉससाठी लिलावात दिली, त्या पैशातून आघाडीवर एक रुग्णवाहिका गेली. प्रेमळ माणसाच्या हातूनही हिणवणारी वस्तू घडू शकते, हे मला या कामात सगळ्यात उशिरा उमगलं.

अप्टन जन्मली त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ छापलं गेलं आणि ते त्यांनी अर्पण केलं गुलामीच्या प्रश्नात झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. इतक्या लांबून त्या माणसाला गुलामाचं दुःख आपलं वाटलं. म्हणून ‘आम्हा मराठी माणसांना काय माहीत’ असं मी म्हणू देणार नाही. आपल्याकडे कुणाला तरी ते माहीत होतं.

खेळण्याइतकाच हा चेहरा पसरला मुरंब्याच्या बरण्यांवरून. स्कॉटलंडच्या पेझली गावातल्या रॉबर्टसन कंपनीने १९१०पासून गॉली आपलं चिन्ह केलं. मालकाच्या मुलाने अमेरिकेत खेड्यातली पोरं चिंध्यांच्या काळ्या बाहुल्यांशी खेळताना पाहिली आणि त्यावरून हे सुचलं, अशी गोष्ट कंपनी सांगत असे. बरणीवरच्या कागदी गॉल्या जमवून टपालाने पाठवल्या की मिन्याच्या कामाचा बिल्ला मिळायचा. क्रिकेट खेळणारा, गिटार वाजवणारा, शाळेत जाणारा. असे २ कोटींहून जास्त बिल्ले वाटले गेले. तुमचे वडील लीड्सला होते तेव्हा शाळेतल्या किती कोटांवर ते असतील याची कल्पना करा. त्यांनी दुकानात गोल्या पाहिला तेव्हा त्यांना त्यात वावगं काही दिसण्याचं कारणच नव्हतं. सगळ्या इंग्लंडच्या स्वयंपाकघरात तो होता.

मधल्या काळात गॉलीचा स्वभावही बदलला होता. अप्टनचा मायाळू सोबती एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेच्या मुलांसाठीच्या एका गोष्टीत, नॉडी नावाच्या लाकडी बाहुल्याच्या, १९५१मध्ये, चोर झाला. रात्री काळोख्या रानात गॉली नॉडीला गाठतात, त्याची गाडी पळवतात, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतात. १९८०च्या दशकात नव्या आवृत्त्यांतून त्यांना काढून तिथे दुसरी, भुतावळीतली पात्रं घातली. जुनी आवृत्ती मी स्वतः लहानपणी गिरगावात रद्दीवाल्याकडून आणलेली वाचली आहे. मलाही तेव्हा काही खटकलं नव्हतं. मी ते रान आणि ती भीती घेऊन झोपत असे, आणि भीतीला एक चेहरा होता.

आता तुमच्या विठोबाबद्दल. हा मुद्दा मी मनापासून घेते, कारण मीही वारीच्या वाटेवरच्या गावातली आहे. पण काका, अडचण काळ्या रंगाची नाहीच. विठोबाचा काळा पाषाण घडवणाऱ्याने त्या चेहऱ्यापुढे हात जोडावेत म्हणून घडवला. गोल्याचा चेहरा हसू यावं म्हणून रंगवला. रंग तोच, बघण्याची रीत उलटी. आपल्याकडे आफ्रिकी माणूस ठाऊक नव्हता असंही नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी. आपल्या इतिहासात ते वजीर म्हणून येतात, कडवे शत्रू म्हणून येतात. बटणाच्या डोळ्यांचं हसं म्हणून नाही. ते चित्र आपल्याकडे जहाजातून आलं.

आणि ते आपल्यालाही चिकटलं. तिखट, पण सांगायलाच हवं. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, बॅनरमन नावाचे स्कॉटिश डॉक्टर प्रमुख होते. त्यांच्या पत्नी हेलन बॅनरमन यांनी १८९९मध्ये एका काळ्या मुलाचं आणि वाघांचं चित्रपुस्तक काढलं. त्यात वाघ आहेत, वाघांचं वितळून तूप होतं, सगळी हवा हिंदुस्थानची. पण मुलाचा चेहरा काढला तो थेट मिन्स्ट्रेलचा. काढणाऱ्याच्या डोळ्यांना आपण आणि आफ्रिकी एकाच डब्यातले होतो. इंग्लंडच्या शाळांत आमच्या आधीच्या पिढीतल्या भारतीय मुलांना ‘वॉग’ म्हणून चिडवत. तो शब्द गॉलीवॉगमधूनच निघाला की नाही यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही. पण मधल्या सुट्टीत दोन्ही शब्द एकाच तोंडून, एकाच मुलाला ऐकू येत. तुमची नात उद्या त्याच देशात मोठी होणार आहे.

‘तेव्हा कुणाला वाईट वाटत नव्हतं’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. ते खरं नाही. बीबीसीवर तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या गायकांचा एक कार्यक्रम १९५८पासून चालायचा, प्रचंड लोकप्रिय. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्यांनी १९६७मध्येच तो बंद करावा म्हणून सह्यांचा अर्ज दिला होता. कार्यक्रम बंद झाला १९७८मध्ये. वाईट वाटत होतं, सांगितलंही जात होतं. ज्यांना वाईट वाटत होतं त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती, एवढंच.

माझाच प्रसंग सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी जुन्या खेळण्यांचं एक कपाट मांडलं. टेडी अस्वल, पत्र्याची आगगाडी, मध्ये एक छान टिकलेला गॉली. रॉबर्टसनने आपला गॉली नुकताच मागे घेतला होता, वर्तमानपत्रांत गाजावाजा चालू होता. म्हणून मी काळजी घेतल्यासारखं करून चिठ्ठीवर नुसतं लिहिलं, ‘कापडी बाहुला, १९५०च्या सुमारास’. आमच्याकडे दालनावर लक्ष ठेवणारे एक गृहस्थ होते, जमैकाहून लहानपणी आलेले, निवृत्तीला टेकलेले. संध्याकाळी दारं लावायच्या वेळी ते मला त्या कपाटाशी घेऊन गेले. मला वाटलं, बाहुला काढा म्हणतील. त्यांनी बोट ठेवलं ते चिठ्ठीवर. म्हणाले, "मला शाळेत पाच वर्षं या नावाने हाक मारली. तुम्ही ते नावच लिहिलं नाही." पुढे त्यांनी सांगितलं, वर्गातल्या मुलांच्या कोटावर बिल्ले असायचे, आणि कुणी नवा बिल्ला लावून आला की सगळे आधी बिल्ल्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघायचे. कुणी काही बोलायचंही नाही.

त्या रात्री मी चिठ्ठी काढली, बाहुलाही काढला. तीन महिन्यांनी तो परत ठेवला, पण एकटा, वेगळ्या कपाटात. शेजारी मिन्स्ट्रेलच्या खेळाचं जुनं जाहिरातपत्रक, रॉबर्टसनचे बिल्ले, आणि चिठ्ठीवर नाव, उगम, त्या नावाने कुणाला हाका मारल्या ते सगळं. ती चिठ्ठी त्या गृहस्थांनी वाचून दुरुस्त करून दिली. अमेरिकेत मिशिगनच्या बिग रॅपिड्स गावी फेरिस स्टेट विद्यापीठात डेव्हिड पिलग्रिम या समाजशास्त्रज्ञाने अशाच हजारो वस्तूंचं संग्रहालय उभं केलंय. पैसे साठवायचे गल्ले, बाहुल्या, जत्रेत चेंडू मारायचे चेहरे. ते स्वतः कृष्णवर्णीय आहेत. लहानपणी अशी एक वस्तू त्यांनी विकत घेऊन जमिनीवर आपटून फोडली होती. मोठेपणी ते अशा वस्तू फोडायच्याऐवजी जमवू लागले. माझा कौल त्यांच्या बाजूचा आहे.

मुलाच्या मनाचं काय होतं, हे मी माझ्या शब्दांत सांगण्याऐवजी एक जुना प्रयोग सांगते. केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्य. १९४०च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या एकसारख्या, फरक फक्त रंगाचा. खेळायला कुठली आवडेल? चांगली कुठली? वाईट कुठली? बहुतेक मुलांनी गोरी उचलली आणि तपकिरी बाहुलीला वाईट म्हटलं. शेवटचा प्रश्न असायचा, तुझ्यासारखी कुठली? तिथे काही मुलं रडू लागली, खोलीबाहेर पळाली. १९५४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला रंगभेद बेकायदा ठरवला, तेव्हा या कामाची नोंद घेतली. त्या प्रयोगातल्या बाहुल्या साध्या होत्या, कुणाची टर उडवणाऱ्या नव्हत्या, तरी हे झालं. आता शनिवारी घरी येणारी ती पाच वर्षांची मुलगी आणि सोफ्यावर बसलेला गोल्या. ‘माझ्यासारखा कुठला’ हे तिला कुणी विचारायचीही गरज नाही.

तुम्ही द्वेष केला नाहीत. मला तुमच्याबद्दल तिळमात्र शंका नाही. पण बाहुला पाहणाऱ्याला तुमचं मन दिसत नाही, त्याचं तोंड दिसतं.

आता कामाचं. घरात गॉली असणं हा इथे गुन्हा नाही, त्यामुळे घाबरू नका. २०२३मध्ये एसेक्समधल्या ग्रेज इथे एका पबमधले असे बाहुले पोलिसांनी उचलले, ते गिऱ्हाइकांसमोर मांडलेले असल्याच्या तक्रारीवरून. विकायला मात्र काढू नका. हौशी गोळा करणारे घेतात, पण त्यांच्या फळीवर गोल्याची गोष्ट संपते आणि नुसतं तोंड उरतं. संग्रहालयाला द्यायचा असेल तर आधी पत्र लिहून विचारा. बहुतेकांकडे गॉली भरपूर आहेत आणि आम्ही सरसकट घेत नाही. तुमचा मात्र मी आनंदाने घेईन. कारण सांगते. लीड्सच्या दुकानातून ठाण्याला गेलेला आणि खणाने दुरुस्त झालेला गॉली मी दुसरा पाहिलेला नाही. एका इंग्रजी सोंगाचा कोपर एका मराठी आईने आपल्या चोळीच्या कापडाने सांधला, आणि ती माया होती. हे सगळं त्या एका तुकड्यात आहे. तो तुकडा कृपा करून उसवू नका.

नातीला द्यायला दुसरं काही हवंच ना? मग दोघी मैत्रिणींना एकेक द्या. अमेरिकेत १९६८मध्ये लॉस एंजेलिसला शिंदाना नावाची कृष्णवर्णीयांची खेळण्यांची कंपनी उभी राहिली. तोवरच्या बऱ्याच काळ्या बाहुल्या म्हणजे गोऱ्या बाहुलीचाच साचा, रंग तेवढा बदललेला. त्यांनी आपल्या बेबी नॅन्सीचं नाक, ओठ, केस खऱ्या मुलीसारखे घडवले. आता तशा बाहुल्या बर्मिंगहॅमच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. घेताना रंग पाहू नका, चेहरा पाहा. खरं मूल दिसतंय का, एवढंच. आणि पुढच्या खेपेला सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी ठकी आणा. एक नाही, दोन.

नात मोठी झाली, दहा-अकराची, की गोल्या तिला दाखवा. तोवर त्याच्याबरोबर ठेवायची चिठ्ठी आजच लिहा, कारण ती तुम्हालाच लिहिता येईल. शाई नको, पेन्सिल वापरा, ती फिकटत नाही. वडील कुठल्या गावी होते, कोणत्या साली आणला, कुठल्या दुकानातून हे आठवत असेल तर ते, आईंनी कोपर कधी शिवला. मग हा चेहरा कुठून आला ते. त्याचं मूळ नाव लिहा, नुसतं ‘बाहुला’ लिहू नका. शेवटी सूनबाई काय म्हणाल्या आणि तुम्हाला काय वाटलं, तेही लिहा. त्यांनाही दोन ओळी लिहू द्या.

जपण्याबद्दल: धुऊ नका, काळ्या फेल्टचा रंग सुटून निळ्या कोटावर उतरतो. डांबराच्या गोळ्या नकोत. फोटोत मानेजवळ फर विरळ दिसतेय, म्हणजे कसर लागल्याची शंका आहे. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पूर्ण १४ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. मग मऊ ब्रशने हलके झाडून, खळ नसलेल्या जुन्या धुवट मलमलीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खणाची बाजू वर येईल असा.